सर्जनांना हात आखडता घ्यायला लावणारा सर्जन : बर्नार्ड फिशर

मधुमालती

कॅन्सरच्या धाग्यांवर आपल्याकडे गोमूत्र, हळद आणि अल्कलाइन पाणी यांची चर्चा उदंड झाली आहे. जरा वेगळं म्हणून एका सर्जनच्या कारकिर्दीबद्दल लिहिते. डॉ. बर्नार्ड फिशर, गाव पिट्सबर्ग, अमेरिका. जन्म १९१८ चा, गेले ऑक्टोबर २०१९ मध्ये, म्हणजे शंभरी पार करून. पिट्सबर्ग विद्यापीठातूनच १९४३ साली डॉक्टर झाले आणि पुढे तिथेच सर्जरीचे प्राध्यापक म्हणून आयुष्य काढलं.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये आज गाठीपुरतं ऑपरेशन करून बाकीचा स्तन ठेवता येतो. तो ठेवला तरी बाई तितकीच जगते, हे आकडे मांडून दाखवणाऱ्यांत फिशर सगळ्यात पुढे होते. त्यासाठी त्यांना स्वतःच्याच जातभाईंशी, म्हणजे सर्जन मंडळींशी, वीसेक वर्षं भांडावं लागलं.

आधी काय चालायचं ते सांगते. जॉन्स हॉपकिन्सच्या विल्यम हॉल्स्टेडने १८९४ मध्ये आपल्या ५० रुग्णांचे निष्कर्ष छापले. त्याचं ऑपरेशन असं: अख्खा स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या सगळ्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड), सगळं एकदम काढायचं. तर्क असा की कॅन्सर एका जागी उगवतो, मग शेजारी सरकतो, मग काखेत, मग पुढे. तेव्हा जितकं लांबवर कापू तितकी बाई सुरक्षित. त्या काळी गाठी फार उशिरा डॉक्टरकडे यायच्या, त्यामुळे हॉल्स्टेडला दोष द्यावा असं मला वाटत नाही. पण पुढची सत्तरेक वर्षं गुरूने शिष्याला तेच शिकवलं. छाती आत जायची, बरगड्या कातडीखाली मोजता यायच्या, हात सुजायचा. आणि एवढं करूनही कित्येक बायकांना दोन-चार वर्षांत हाडांत, फुप्फुसांत कॅन्सर निघायचाच. मग पुढचे सर्जन म्हणायचे, अजून थोडं जास्त कापायला हवं होतं.

फिशर यांचा हा प्रांतच नव्हता. यकृत पुन्हा कसं वाढतं, अवयव दुसऱ्याच्या शरीरात कसा टिकतो, असल्या प्रयोगांत ते रमले होते. १९५७ च्या सुमारास रॅव्हडिन या ज्येष्ठ सर्जननी ब्रेस्ट कॅन्सरवर अनेक हॉस्पिटलांनी मिळून चाचण्या कराव्यात म्हणून बैठक बोलावली, तिथे हे काहीसे ओढूनताणूनच गेले. तिथून जी संस्था उभी राहिली ती एनएसएबीपी. १९६७ पासून तिची सूत्रं फिशर यांच्याकडे आली.

दरम्यान प्रयोगशाळेत ते आणि त्यांचे भाऊ एडविन (हे पॅथॉलॉजिस्ट) उंदरा-सशांवर काम करत होते. त्यांना दिसलं की कॅन्सरच्या पेशी लसिकाग्रंथींत अडकून बसत नाहीत, त्यातून आरपार जातात. रक्तातून लसिकेत आणि लसिकेतून रक्तात त्यांची ये-जा चालू असते. म्हणजे काखेतल्या ग्रंथी हा काही नाक्यावरचा पोलीस नव्हे. गाठ हाताला लागेपर्यंत पेशी कधीच्याच बाहेर पडल्या असतील, तर छाती खरवडून काय मिळणार? त्यांचं म्हणणं थोडक्यात हे, की ब्रेस्ट कॅन्सर बऱ्याचदा सुरुवातीपासूनच अख्ख्या शरीराचा आजार असतो.

म्हणणं मांडणारे तसे इतरही होते. क्लीव्हलंडचे जॉर्ज क्राइल (धाकटे) कमी कापा म्हणून कधीपासून ओरडत होते आणि त्यापायी शिव्या खात होते. फिशर यांनी वाद घालण्याऐवजी चाचणी लावली. १९७१ ते १९७४, नाव बी-०४, १,६६५ बायका. काख तपासताना काही लागत नाही अशांचे तीन गट: हॉल्स्टेडचं पूर्ण ऑपरेशन, फक्त स्तन काढणं अधिक रेडिएशन, आणि फक्त स्तन काढणं. कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टरने ठरवायचं नाही, चिठ्ठीने ठरणार.

तिसऱ्या गटातली गोष्ट मला सगळ्यात आवडते. पहिल्या गटात ज्यांची काख साफ केली त्यांतल्या सुमारे ४० टक्के बायकांच्या ग्रंथींत कॅन्सर सापडला. गट चिठ्ठ्यांनी पाडलेले, तेव्हा तिसऱ्या गटातही साधारण तेवढ्याच जणींच्या काखेत तो असणार आणि तिथे हातही लावलेला नाही. हॉल्स्टेडचं खरं मानलं तर या बायका पटापट जायला हव्या होत्या. प्रत्यक्षात ३६५ पैकी ६८ जणींच्या काखेत पुढे गाठी आल्या, त्या तेव्हा काढल्या, आणि आयुष्यात फरक पडला नाही. पंचवीस वर्षांनी, २००२ मध्ये पुन्हा मोजलं, तरीही नाही.

पुढची चाचणी बी-०६, १९७६ पासून. अख्खा स्तन काढणं, नुसती गाठ काढणं, गाठ काढून रेडिएशन देणं. १,८५१ बायका, गाठ ४ सेंटिमीटरपर्यंतची. यात बायका मिळेनात, कारण सर्जन लोक आपल्या पेशंटला चिठ्ठीवर सोडायला तयार नव्हते. निष्कर्ष १९८५ मध्ये आले: जगण्यात फरक नाही. मात्र वीस वर्षांचा हिशेब पाहिला तर, नुसती गाठ काढलेल्यांपैकी ३९.२ टक्के जणींना त्याच स्तनात परत कॅन्सर आला, रेडिएशन घेतलेल्यांत १४.३ टक्के. म्हणून नुसती गाठ काढली की बहुतेक जणींना रेडिएशन द्यायचं, हा आजचा नेम. मिलानला व्हेरोनेसी यांनी १९७३ पासून असंच काम केलं होतं, त्यांचा निकाल १९८१ मध्ये आधी आला. श्रेय दोघांचं.

टॅमॉक्सिफेन (इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचा स्तनावरचा परिणाम अडवणारी गोळी), ऑपरेशननंतरची केमो, हेही त्यांच्याच संस्थेच्या चाचण्यांतून पक्कं होत गेलं. ते लिहायला बसले तर धागा संपणार नाही. १९९४ चं प्रकरण मुद्दाम ठेवलंय, त्यावर इथे कुणीतरी बोलेलच.

भवानीपेठकर

छान लिहिलंय मधुमालतीताई. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

माझ्या आत्याचं ऑपरेशन ऐंशीच्या दशकात झालं, एका मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या ठिकाणी. सगळं काढलं, स्नायूंसकट. डॉक्टरांनी घरच्यांना अभिमानाने सांगितलं, "मुळासकट उपटलंय." पुढे आत्या बरीच वर्षं जगली, त्याबद्दल तक्रार नाही. पण उजवा हात कायम सुजलेला. शिंप्याकडे ब्लाउज टाकताना दोन बाह्यांची दोन मापं द्यायची, उजव्या बाहीला शिवणीत दोन बोटं कापड जास्त ठेवायला सांगायची, सूज वाढली तर उसवता यावं म्हणून. कणीक मळायला बसली की हात दुखायचा, मग डाव्या हाताने मळायला शिकली. घरात त्या विषयावर कुणी बोलायचं नाही. आता तुमचे १९७४ आणि १९८५ हे आकडे वाचून डोकं भणाणलं.

शंकेखोर

लेख माहितीपूर्ण. पण मला एक पचत नाही. बाई समोर बसली आहे, तिला कॅन्सर आहे, आणि डॉक्टर म्हणतो तुझा स्तन जाणार की राहणार ते चिठ्ठी टाकून ठरवू? हे आपल्या घरातल्या बाईबरोबर कुणी केलं तर आपण कॉलर धरू. विज्ञानाच्या नावाखाली काहीही खपवायचं का?

पॅथॉलॉजीवाली

@शंकेखोर, प्रश्न रास्त आहे, आणि तो त्या वेळच्या सर्जननीही विचारला होता. पण चिठ्ठी नसती तर काय होत होतं ते बघा. चिठ्ठी नव्हती तेव्हा स्तन जाणार हे ठरलेलंच होतं, बाईला विचारायचीही पद्धत नव्हती.

मी लॅबमध्ये काम करते म्हणून हा भाग तपशिलात सांगते. तेव्हा अमेरिकेत सर्रास एकाच भुलीत सगळं उरकायचे. बाईला झोपवायचं, गाठ काढून तुकडा पॅथॉलॉजीत पाठवायचा. आम्ही त्याला फ्रोजन म्हणतो: तुकडा मशीनमध्ये गोठवायचा, त्याचे पातळ काप काढायचे, काचेवर घेऊन झटपट रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. पंधरा-वीस मिनिटांत निरोप जातो. तोवर सर्जन हात बांधून उभा. निरोप "कॅन्सर" असा गेला की लगेच पुढचं ऑपरेशन सुरू. बाई सही करून झोपायची तेव्हा तिला माहीत नसायचं की उठल्यावर छातीला हात लावला तर काय लागेल. फ्रोजन आम्ही अजूनही करतो, ग्रंथी बघायला, कडा साफ आहेत का बघायला. पण बाईचा निर्णय तिच्या झोपेत होत नाही.

ही पद्धत बंद पाडण्यात रोझ कुशनर या पत्रकार बाईंचा मोठा हात आहे. १९७४ मध्ये त्यांना स्वतःलाच गाठ निघाली आणि त्या अडून बसल्या की आधी फक्त बायोप्सी, पुढचं मी शुद्धीवर असताना ठरवेन. असा सर्जन शोधताना त्यांची दमछाक झाली. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांचं ऑपरेशन झालं, तेच जुनं, मोठं. कुशनरनी आधी व्हाइट हाउसला फोन लावून पाहिला होता, कुणी दाद दिली नाही. आणि गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की दोनच दिवसांनी, ३० सप्टेंबरला, नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या बैठकीत फिशर यांच्या बी-०४ चे सुरुवातीचे आकडे मांडले गेले: मोठ्या ऑपरेशनने जास्त फायदा दिसत नाही.

चिठ्ठी टाकणं कधी योग्य? जेव्हा दोन्हीपैकी काय बरं हे खरंच कुणाला माहीत नसतं तेव्हा. सर्जन म्हणायचे आम्हाला माहीत आहे. फिशर म्हणाले, तुम्हाला सवय आहे.

शंकेखोर

@पॅथॉलॉजीवाली, पटलं बऱ्यापैकी. "बऱ्यापैकी" शब्द मुद्दाम.

पिट्सबर्गचा_विन्या

आमच्या गावचा माणूस धाग्यावर आला म्हणून लॉगिन झालो. इथे आपल्या मंडळींना पिट्सबर्ग म्हणजे व्यंकटेश्वराचं देऊळ आणि स्टील एवढंच ठाऊक असतं. पोलिओच्या लशीवाले साल्क याच विद्यापीठातले, यकृत प्रत्यारोपणवाले स्टार्झल इथलेच, आणि फिशरही. एका मध्यम आकाराच्या, धुरकट गावात ही तिघं.

१९९४ चं सांगतो. बी-०६ मध्ये माँट्रियलच्या सेंट-लूक हॉस्पिटलचे रॉजर पॉइसाँ हे डॉक्टर भरपूर पेशंट द्यायचे, एकूण बायकांपैकी सुमारे १६ टक्के त्यांच्या. १९९० मध्ये फिशर यांच्या ऑफिसातल्या लोकांना त्यांच्या एका पेशंटच्या कागदांवर ऑपरेशनच्या दोन वेगवेगळ्या तारखा दिसल्या. खणत गेले तेव्हा कळलं की हे गृहस्थ नियमात न बसणाऱ्या बायका बसवण्यासाठी तारखा आणि तपशील बदलत होते. त्यांचं म्हणणं, पेशंटच्या भल्यासाठीच केलं, चाचणीत असली की बाईला चांगले उपचार मिळतात. फेब्रुवारी १९९१ मध्ये फिशर यांनी नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटला कळवलं. सरकारी चौकशी झाली, अहवाल १९९३ मध्ये सरकारी गॅझेटमध्ये छापूनही आला. गॅझेट कोण वाचतं!

मार्च १९९४ मध्ये शिकागो ट्रिब्यूनने पहिल्या पानावर बातमी दिली आणि आगडोंब उसळला. स्तन वाचवून घेतलेल्या हजारो बायकांना वाटलं आपली फसवणूक झाली. काँग्रेसमध्ये डिंगेल यांच्या समितीपुढे सुनावणी. इन्स्टिट्यूटने दबाव आणला आणि विद्यापीठाने फिशर यांना एनएसएबीपीच्या अध्यक्षपदावरून काढलं, वयाच्या पंचाहत्तरीत. एवढ्यावर भागलं नाही. वैद्यकीय लेखांच्या सरकारी संगणकीय सूचीत त्यांच्या लेखांपुढे "वैज्ञानिक गैरवर्तन" असा शेरा चिकटवला गेला, खोटी माहिती ज्यात नव्हतीच अशा लेखांपुढेसुद्धा.

म्हातारा कोर्टात गेला. शेरे काढावे लागले. १९९७ मध्ये चौकशी यंत्रणेने त्यांना निर्दोष ठरवलं, त्याच वर्षी विद्यापीठाने जाहीर माफी मागून २७.५ लाख डॉलर दिले. आणि पॉइसाँच्या सगळ्या बायका हिशेबातून वगळून १९९५ मध्ये पुन्हा गणित मांडलं, तर निकाल जसाच्या तसा.

शंकेखोर

विन्याभाऊ, तुम्ही गाववाल्याची बाजू घेताय, घ्या. पण १९९१ मध्ये सरकारला कळवलं आणि १९९४ पर्यंत ज्या मासिकात लेख छापला त्याच्या संपादकांना पत्र नाही? वाचकांना नाही? दुरुस्त हिशेब छापायला तीन वर्षं? ज्या बायकांनी त्या लेखावर विसंबून निर्णय घेतला, त्यांना हे वर्तमानपत्रातून कळावं? त्यांना बदमाश कुणी म्हणत नाही, पण "निकाल बदलत नाही ना, मग कशाला बोभाटा" हा विचार अहंकाराचा आहे. सर्जनांच्या अहंकाराविरुद्ध लढलेल्या माणसाकडून तर जास्तच खटकतो.

पिट्सबर्गचा_विन्या

सरकारला कळवलं होतं, चौकशी चालू असताना बोलायचं नाही असा संकेत असतो. पण १९९३ मध्ये चौकशी संपल्यावर छापायला हवं होतं, हे मान्य.

मधुमालती

शंकेखोर यांच्याशी मी सहमत आहे, आणि तरी शिक्षा गुन्ह्याच्या कितीतरी पट होती असंही वाटतं. त्या बातमीचा खरा तोटा वेगळाच झाला. त्याच सुमारास फिशर यांची टॅमॉक्सिफेनवरची मोठी चाचणी चालू होती. कॅन्सर नसलेल्या पण धोका जास्त असलेल्या बायकांना गोळी देऊन तो टाळता येतो का, असा प्रश्न. निरोगी बाईला औषध द्यायचं, त्यात त्या औषधाने गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर थोडा वाढतो, रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. या सगळ्या गदारोळात नव्या बायका घेणं थांबवावं लागलं. तरीही १३,३८८ जणी झाल्या आणि १९९८ मध्ये निकाल आला: पसरणारा ब्रेस्ट कॅन्सर जवळपास निम्म्यावर. लेखावर पहिलं नाव फिशर यांचंच.

मला या माणसात शूर काही वाटत असेल तर ते कोर्टातलं भांडण नव्हे. स्वतः सर्जन असून "ऑपरेशन मोठं केल्याने बाई वाचत नाही" हे सिद्ध करायला निघणं. यात त्यांचा स्वतःचा धंदाच लहान होत होता.

टाटाकर

उत्तम धागा. मुंबईचा दुवा जोडतो, कारण हीच विचारांची ओळ परळला पुढे गेली आहे.

आपल्याकडे बऱ्याच बायका येतात तेव्हा कॅन्सर आधीच हाडांत किंवा यकृतात गेलेला असतो. घरचे म्हणतात, "निदान ती गाठ तरी काढा." सर्जनलाही वाटतं काढावी. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी २००५ ते २०१३ मध्ये अशा ३५० बायकांवर चिठ्ठ्या टाकूनच चाचणी केली. निम्म्यांची स्तनातली गाठ काढली, निम्म्यांची नाही. २०१५ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत निकाल आला: गाठ काढलेल्यांपैकी निम्म्या १९.२ महिन्यांहून जास्त जगल्या, न काढलेल्यांपैकी निम्म्या २०.५ महिन्यांहून. म्हणजे काढून फायदा नाही. फिशर म्हणत होते तेच, आजार अंगभर गेल्यावर उगमाशी खणून उपयोग होत नाही.

दुसरी चाचणी उलट्या टोकाची. ऑपरेशनच्या आधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती भूल देण्याचं साधं औषध, लिग्नोकेन, टोचायचं. दाताच्या डॉक्टरकडे टोचतात तेच. देशातली ११ केंद्रं, १,६०० बायका. २०२३ मध्ये छापून आलं: पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्या बायका ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर. ऑपरेशनच्या वेळी गाठ हाताळताना पेशी सुटतात, त्यांना हे औषध आवर घालत असावं अशी कल्पना आहे. काही परदेशी मंडळींना निकाल इतका चांगला वाटतो की ते म्हणतात, दुसऱ्या कुणीतरी हीच चाचणी परत करून दाखवा. रास्त आहे. फिशर बंधूंनी १९५९ मध्येच उंदरांवर दाखवलं होतं की यकृतात सुप्त बसलेल्या कॅन्सरच्या पेशी पोट वारंवार उघडून यकृत हाताळलं की वाढीला लागतात. सर्जनच्या हाताचाही आजारावर परिणाम होतो, ही शंका तेवढी जुनी आहे.

रानजाई

इथे विचारावं की नाही कळत नाही. माझ्या सासूबाईंना गाठ निघाली आहे, बायोप्सी झाली, कॅन्सर आहे. आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. डॉक्टर पूर्ण स्तन काढा म्हणतात. धागा वाचून वाटायला लागलं की ते जुन्या पद्धतीचे आहेत का? सासूबाई म्हणतात, "काढून टाका एकदाचं, मला शेक घ्यायला रोज कोण नेणार?"

पॅथॉलॉजीवाली

@रानजाई, विचारलंत हे बरं केलंत. रिपोर्ट न बघता इथे कुणीच सल्ला देऊ नये, मीही देत नाही. पण डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगते.

गाठ केवढी आहे आणि स्तनाच्या मानाने केवढी. एकच आहे की निरनिराळ्या ठिकाणी. मोठी असेल तर आधी केमो देऊन लहान होईल का. (हीसुद्धा फिशर यांच्याच चाचणीतून पक्की झालेली गोष्ट, बी-१८. आधी केमो दिल्याने आयुष्य वाढलं नाही, पण स्तन वाचवता येणाऱ्या बायका वाढल्या.) आणि शेक, म्हणजे रेडिएशन, कुठे मिळेल, किती दिवस लागेल.

शेवटचा प्रश्न तुमच्याकडे सगळ्यात महत्त्वाचा. स्तन ठेवायचा तर रेडिएशन सहसा टाळता येत नाही, वर मधुमालतींनी ३९ आणि १४ चे आकडे दिलेत ते त्याचसाठी. पूर्वी पाच-सहा आठवडे लागायचे, आता बऱ्याच ठिकाणी तीन आठवड्यांत होतं. तरी रोज एसटीने जाऊन-येऊन ते पूर्ण झालं नाही, मध्येच सुटलं, तर ते धोक्याचं. त्यामुळे पूर्ण स्तन काढा म्हणणारा डॉक्टर जुनाट असेलच असं नाही, कदाचित त्याने तुमच्या गावचं अंतर मोजलं असेल. आज पूर्ण स्तन काढतात तेव्हाही छातीचे स्नायू ठेवतात, भवानीपेठकरांच्या आत्याचं झालं तसं ते नसतं. आणि स्तन काढला तरी कधीकधी रेडिएशन लागतं, हेही आधीच विचारून ठेवा, नाहीतर सासूबाईंचा हिशेब चुकेल.

मोठ्या केंद्रात एकदा कागद दाखवून या. बायोप्सीचा ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड बरोबर न्या, नुसता रिपोर्ट नको. तिथे ते पुन्हा तपासतात. ईआर, पीआर आणि हर-टू (कुठलं औषध लागू पडेल हे सांगणाऱ्या) या तपासण्या झाल्या नसतील तर त्याच ब्लॉकवर होतात, पुन्हा सुई टोचावी लागत नाही.

रानजाई

ब्लॉक आमच्याकडे नाही, लॅबमध्येच आहे. मागितला तर देतात का?

पॅथॉलॉजीवाली

देतात. अर्ज लिहून द्या, पेशंटची सही आणि ओळखपत्राची प्रत जोडा. देताना रजिस्टरवर सही घेतील. उन्हात गाडीत ठेवू नका, मेण वितळतं.